बफिंगनंतर उगवणारे काळे ठिपके: भंगारातल्या ॲल्युमिनियमच्या ओतीव वस्तू आणि त्यांतली छिद्रं

तक्रार अशी. वस्तू साच्यातून निघते तेव्हा ठणठणीत दिसते. कानस मारली तरी काही वावगं दिसत नाही. बफिंगच्या चाकावर धरली, आरसा यायला लागला, की सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके एकेक करून वर येतात. अजून घासलं तर कमी व्हायच्या ऐवजी वाढतात, कारण खाली आणखी असतात. आणि हे एकदा निस्तरून संपत नाही. मे महिन्यात सगळं सुरळीत, जुलैत पुन्हा तेच.

मी भंगारातल्या ॲल्युमिनियमपासून घरातल्या वस्तू करते. भिंतीवरच्या खुंट्या, दाराच्या मुठी, टेबलावरच्या दिव्याची बैठक, पुस्तकांना टेकू. डिझाइन माझं, ओतकाम कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका छोट्या फाउंड्रीत. तिथले मिस्त्री, ज्यांना मी मामा म्हणते, त्यांची उभी हयात लोखंडाच्या ओतकामात गेली. पहिल्या पावसाळ्यात ठिपके दिसले तेव्हा त्यांनी नग हातात घेऊन, नखाने टोकरून निदान केलं: "ताई, भंगारच वंगाळ हाय." मी म्हटलं, वाळू ओली असेल. दोघंही थोडे बरोबर होतो, आणि त्यामुळेच आमचं एक वर्ष वाया गेलं.

ज्यांना हाच त्रास होतोय त्यांच्यासाठी, ज्या क्रमाने आम्हाला उलगडत गेलं त्याच क्रमाने लिहिते.

आधी करवत

नापास झालेला एक नग घ्या आणि मधोमध कापा. जीव तुटतो, पण कापा. हॅकसॉने कापून झालं की काचेवर पॉलिश पेपर पसरून पाण्यात घासा: आधी २४० नंबर, मग ४००, मग ८००. कोरडं घासू नका, ॲल्युमिनियमने पेपर लगेच भरतो. मग सोनारांकडे असतं तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला लावून उन्हात बघा.

छिद्रं गोल असतील, आतून चकचकीत असतील, खसखस सांडावी तशी सगळीकडे विखुरलेली असतील, तर तो वायू आहे. वेडीवाकडी असतील, नेमकी जाड भागात गोळा झालेली असतील आणि आत खडीसाखरेच्या कडांसारखी टोकं चमकत असतील, तर धातू गोठताना आकसला आणि त्याला वरून भर मिळाली नाही. केसासारखी काळपट रेघ दिसली तर तो ऑक्साइडचा पापुद्रा, ओतताना आत दुमडला गेलेला. आणि कातडीच्या लगेच खाली, वाटाण्याएवढं, गुळगुळीत, एकटंदुकटं भोक असेल तर वाळूतून किंवा कोअरमधून (पोकळी राखायला साच्यात बसवतात तो गाभा) वाफ घुसली. बहुतेक वेळा यातले दोन प्रकार एकाच नगात भेटतात.

हे वेगवेगळं ओळखायचं कारण म्हणजे एकाचं औषध दुसऱ्याला बाधतं. आमच्या खुंटीच्या बुडाशी आकसल्याची भोकं होती. ती बघून मामांनी धातू आणखी तापवून ओतला, रायझर, म्हणजे आकसणाऱ्या नगाला भर देणारा साच्यातला जादा धातूचा साठा, जास्त वेळ पातळ राहावा म्हणून. लोखंडातला त्यांचा अनुभव तसाच होता. इथे झालं असं की जास्त तापलेल्या धातूने जास्त वायू प्यायला, आणि बुडाशी असलेली भोकं तशीच राहून वर सगळीकडे खसखस उगवली.

वायू म्हणजे पाणीच

द्रव ॲल्युमिनियममध्ये भरपूर विरघळतो असा वायू एकच, हायड्रोजन. तो येतो पाण्यातून. तापलेलं ॲल्युमिनियम पाण्याच्या वाफेतला ऑक्सिजन हिसकावून घेतं, त्याचा ऑक्साइड करतं, आणि सुटलेला हायड्रोजन गुपचूप धातूत शिरतो. ६६० अंशांना, म्हणजे वितळबिंदूवर, १०० ग्रॅम द्रव ॲल्युमिनियममध्ये साधारण ०.७ घनसेंटिमीटर हायड्रोजन मावतो. तेच गोठलं की जेमतेम ०.०४. उरलेला जाणार कुठे? गोठणाऱ्या धातूतच बुडबुडा करून बसतो. ते आपले ठिपके.

तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की पाणी येतंय कुठून, आणि धातू ते इतकं पितोय कशाने. उत्तरं पाच-सहा निघाली, आणि आम्ही ती सगळी एकदम शोधली नाहीत.

पहिलं उत्तर भंगार. खराद मशीनवरचा चुरा स्वस्त मिळतो, पण तो कूलंटने आणि तेलाने भिजलेला असतो. पावडर कोटिंगचे खिडकीचे सेक्शन, पेयांचे कॅन, रंगवलेला पत्रा, यांवरच्या रंगातही हायड्रोजन असतोच. शिवाय कॅनसारख्या पातळ भंगाराचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने प्रचंड, म्हणून निम्मं तर राखेत जातंय असं वाटतं. घरच्या जुन्या जर्मनच्या पातेल्यांचं मला फार प्रेम होतं. आजीच्या पातेल्याची खुंटी, ही गोष्ट गिऱ्हाइकाला सांगायला किती छान. पण पातेली जवळपास शुद्ध ॲल्युमिनियमच्या पत्र्याची असतात, साच्यात नीट वाहत नाहीत, कोपरे भरत नाहीत. सिलिकॉन असेल तर धातू पातळ वाहतो आणि कमी आकसतो, म्हणून ओतकामाच्या एलएम-६ सारख्या मिश्रधातूत १० ते १३ टक्के सिलिकॉन असतं. खिडकीच्या सेक्शनमध्ये ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास. आता आम्ही मुख्यतः आधीच ओतलेलं जाड भंगार घेतो: इंजिनांची आवरणं, गिअरबॉक्सची झाकणं, पिस्टन. आजीचं पातेलं मागणीनुसार थोडं मिसळतो. कथा तेवढ्यानेही खरीच राहते.

जाड भंगाराची पण एक भानगड आहे. पिस्टनमध्ये पोलादी रिंगा, आवरणांत बोल्ट आणि बुश राहून जातात. ७०० अंशांना लोखंड वितळत नाही, म्हणून ते बुडाशी राहील आणि शेवटी चिमट्याने काढू असं वाटतं. ते वितळत नसलं तरी ॲल्युमिनियममध्ये हळूहळू विरघळतं, आणि एकदा विरघळलं की छोट्या भट्टीत परत काढता येत नाही. लोखंड जास्त झालं की धातूत सुईसारखे स्फटिक होतात, वस्तू ठिसूळ होते, आणि त्या सुयांच्या जाळ्यातून भर पुढे सरकत नाही म्हणून आकसण्याची छिद्रंही वाढतात. चुंबक फिरवा, पाना घेऊन बोल्ट काढा. मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, ढवळायची लोखंडी सळईसुद्धा लेप लावल्याशिवाय बुडवू नका.

दुसरं उत्तर तापमान. यावर मामांशी माझं खरं भांडण झालं. लोखंड ओतणारा माणूस रंग बघतो, आणि त्याचा डोळा चुकत नाही. ॲल्युमिनियम मात्र ७२० अंशांना दिवसाउजेडी पाऱ्यासारखं चंदेरीच दिसतं. ते स्वतः लालसर दिसायला लागलं म्हणजे गाडी कधीच पुढे गेली. मामा लाली येईपर्यंत थांबत होते. मी तापमान मोजायचं के टाइपचं थर्मोकपल आणि एक साधा दर्शक घेऊन गेले, नळी धातूत बुडवली, आकडा चढत चढत ८३५ वर थांबला. मामांनी दर्शकाकडे पाहिलं, मग मुशीकडे, मग माझ्याकडे. म्हणाले, "ह्यो काटा बिघडलाय." दुसऱ्या दिवशी त्यांनीच उकळत्या पाण्यात बुडवून बघितला. शंभराला दोन कमी. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे, पाणी तिथे अठ्ठ्याण्णवलाच उकळतं. काटा अगदी बरोबर होता.

८३५ अंशांना धातूत मावणारा हायड्रोजन ७२० च्या जवळपास दुप्पट असतो. तेव्हापासून आम्ही ७०० ते ७३० च्या मध्ये ओततो, पातळ नग असेल तर वरच्या टोकाला, आणि मूस त्या तापमानाला आल्यावर गप्पा मारत बसत नाही. या एका बदलाने जेवढा फरक पडला तेवढा आधी वापरलेल्या, वायू काढायच्या सगळ्या गोळ्यांनी मिळून पडला नव्हता.

गोळ्यांबद्दल. डीगॅसर म्हणून बाजारात मिळतात त्यांतल्या बऱ्याच हेक्झाक्लोरोइथेनच्या असतात. घंटेसारख्या छिद्राळ भांड्यात घालून मुशीच्या तळाशी दाबतात, बुडबुडे उसळतात, हायड्रोजन घेऊन वर येतात. काम करतात, यात वाद नाही. पण निघणारा क्लोरीनयुक्त धूर फुप्फुसाला वाईट, आणि बंद शेडमध्ये तर नकोच. आम्ही सोडल्या. आता नायट्रोजनचा सिलिंडर, रेग्युलेटर, आणि टोकाला बारीक छिद्रं असलेली ग्रॅफाइटची नळी. तळाशी नळी नेऊन दहा मिनिटं बारीक बुडबुडे सोडायचे. मोठे, खळखळणारे बुडबुडे नकोत. वरचा पापुद्रा फुटून उसळी मारत असेल तर प्रवाह कमी करा, कारण त्या उसळीने हवा आत जाते आणि काढता त्यापेक्षा जास्त घालता. नंतर वर तरंगणारी मळी काढा, ढवळू नका, दोन मिनिटं स्थिर राहू द्या आणि ओता. दमट दिवशी मूस तशीच उघडी ठेवली तर धातू हवेतून पुन्हा पाणी ओढतो.

वायू गेला की नाही, हे कसं कळणार

कारखान्यांत निर्वाताखाली नमुना गोठवून बघतात. आमच्याकडे ते यंत्र नाही, म्हणून दोन देशी उपाय.

एक, लोखंडाची छोटी वाटी तापवून कोरडी करायची, तीत थोडा धातू ओतायचा आणि नुसतं बघत बसायचं. गोठताना वरच्या कातडीवर बारीक फोड येऊन फुटले, किंवा पृष्ठभाग इडलीसारखा फुगला, तर वायू आहे. मध्ये हलकीशी खळी पडली तर धातू चांगला. फुगलेला नमुना दिसला की नग ओतायचेच नाहीत, पुन्हा नायट्रोजन.

दुसरा उपाय वजनाचा. एका हीटमधले, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूचे, दोन नमुने घ्यायचे. एक थंड, जाड लोखंडी साच्यात पातळ ओतायचा, तो झटकन गोठतो आणि वायूला बुडबुडा करायला वेळच मिळत नाही. दुसरा त्या वाटीतला. दोन्ही कोरडे तोला, मग दोऱ्याला बांधून पाण्यात लोंबकळत ठेवून तोला. कोरडं वजन भागिले पाण्यात घटलेलं वजन, म्हणजे घनता. समजा दोन्ही नमुने १५९ ग्रॅमचे आहेत. पहिल्याचं वजन पाण्यात ६० ग्रॅमने घटलं, घनता २.६५. दुसऱ्याचं ६०.९ ने घटलं, घनता २.६१. म्हणजे दुसऱ्यात दीड टक्का जागा पोकळ. पुस्तकातली घनता धरून हिशेब करू नका, भंगाराचं मिश्रण दर वेळी बदलतं. म्हणून तर दोन्ही नमुने एकाच हीटचे हवेत. आणि नमुना घासू नका, भोकं उघडी पडली की त्यांत पाणी शिरतं आणि आकडा फसवतो. ०.१ ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो.

मग खळगे आले

तापमान धरलं, भंगार वाळवलं, नायट्रोजन सुरू केला. दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात खुंट्यांवर एकही ठिपका नाही. मी पेढे वाटायच्या बेतात होते. तेवढ्यात मामांनी खुंटीच्या मागच्या बाजूला बोट ठेवलं. जिथे खुंटी भिंतीकडच्या पट्टीला मिळते तिथे एक खळगा, अंगठ्याने दाबल्यासारखा.

हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं: धातूतला वायू आकसणं झाकून ठेवतो. आकसल्यामुळे जी जागा रिकामी व्हायची ती हजार बुडबुडे वाटून घेतात, आणि बाहेरून नग भरलेला दिसतो. वायू काढला की ती सगळी तूट एका जागी गोळा होते, सगळ्यात शेवटी गोठणाऱ्या जागी. म्हणजे खळगा हा नवा रोग नव्हता. पहिल्या दिवसापासूनचा माझ्या ड्रॉइंगमधला दोष होता, इतके दिवस बुडबुड्यांच्या आड लपलेला.

माझी खुंटी दिसायला देखणी होती. पाच मिलिमीटरची पट्टी, त्यातून बावीस मिलिमीटर जाडीचा गोल दांडा उगवलेला, टोकाला बोंड. संगणकावर छान दिसतं. पण सपाट नगात जाडी दुप्पट झाली की गोठायला चौपट वेळ लागतो. पट्टी आधी गोठली, रायझर पट्टीच्या कडेला होता, म्हणजे भर येण्याचा रस्ताच बंद झाला, आणि दांडा आत बसून एकटाच आकसत राहिला. बोंडाचंही तेच. काही नगांत स्क्रूसाठी बोंडात ड्रिल मारलं की बिट एकदम आत धसायचं. आत पोकळीच होती.

उपाय कागदावरच करायचा होता. ड्रॉइंगच्या छेदात, आतून दोन्ही कडांना टेकतील अशी वर्तुळं काढत जा. रायझरकडे जाताना वर्तुळं मोठी होत गेली पाहिजेत. मध्येच मोठं वर्तुळ आलं आणि पुढे पुन्हा लहान झालं, तर ते मोठं वर्तुळ म्हणजे भोकाची जागा. हे करायला पाच मिनिटं लागतात आणि पट्टी-कंपास पुरतो.

नव्या खुंटीत दांडा मागून पोकळ केला, भिंत सगळीकडे पाच-सहा मिलिमीटरची. पोकळी भिंतीकडे लपते, कुणाला दिसत नाही, आणि वजनही कमी झालं. दांडा आणि पट्टीच्या सांध्यात गोलाई दिली, पण बेतानेच. गोलाई फार मोठी केली की तिथेच पुन्हा जाड गाठ होते, ही चूकही करून झाली. रायझर आता थेट दांड्याच्या मागे बसतो, आणि त्याचा व्रण स्क्रूच्या प्लेटखाली झाकला जातो. दिव्याची बैठक मात्र जडच हवी, नाहीतर दिवा कलंडतो. तिथे जाड भागाच्या शेजारी साच्यात लोखंडाचा तुकडा बसवला, चिल म्हणून. तो तेवढ्या जागेची उष्णता ओढून घेतो आणि जाड भाग पातळाच्या बरोबरीने गोठतो. चिल कोरडा आणि कोमट हवा. थंड लोखंडावर दव धरतं, आणि मग त्याच जागी वाफेचं भोक.

पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवायचा नमुना, लाकडाचा असेल तर आकसण्याची सूट विसरू नका. एलएम-६ सारख्या धातूला साधारण १.३ टक्के धरतात.

पापुद्रे आणि वाळू, थोडक्यात

द्रव ॲल्युमिनियमवर क्षणात ऑक्साइडची कातडी येते. धातूचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या वर गेला की ती कातडी लाटेसारखी उलटून आत दुमडते, आणि दुमडलेले दोन पदर पुन्हा कधी जुळत नाहीत. अर्धा मीटर वेग यायला फक्त तेरा-एक मिलिमीटर पडणं पुरतं. म्हणजे पळीतून वीतभर उंचीवरून ओतलं की आपण पापुद्रे आत घालतोच. पूर्ण टाळता येत नाही, कमी करता येतं: पळीची चोच स्प्रूच्या, म्हणजे धातू ओतायच्या उभ्या वाटेच्या, अगदी जवळ आणा, स्प्रू खाली निमुळता ठेवा आणि ओतताना भरलेलाच राहू द्या, त्याच्या बुडाशी काचतंतूची जाळी किंवा सिरॅमिक फोमचा फिल्टर बसवा, आणि नगात धातू खालून शिरेल असं गेट (नगात जायची वाट) काढा. आमच्याकडे सगळ्यात स्वस्त सुधारणा जाळीची ठरली.

वाळूचं मामांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. मूठ दाबली की घट्ट लाडू व्हावा, मधून मोडला की कडा धारदार राहाव्यात, आणि तळहाताला ओल लागू नये. साधारण ३ ते ४ टक्के पाणी. लोखंडासाठी वाळूत कोळशाची भुकटी घालतात, ॲल्युमिनियमला तिची गरज नाही. पावसाळ्यात वाळूचा ढीग खालून ओल धरतो, तेव्हा वरवरची मूठ दाबून फसू नका, फावडं खोल घाला.

पाणी आणि स्फोट

छिद्रांच्या निमित्ताने आम्ही पाण्यामागे लागलो, पण पाण्याचं मोठं भय वेगळंच आहे. द्रव धातूखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होताना आकारमान सोळाशे पटींहून जास्त वाढतं, आणि वर असलेला धातू उडतो. आमच्याकडे एकदा मळी काढायची पळी पावसात बाहेर राहिली. पुसून कोरडी दिसत होती. मुशीत टेकवली आणि फटाक्यासारखा आवाज झाला. थेंब मामांच्या चामडी बुटावर पडला आणि तिथेच गोठला, बूट जळाला, पाय वाचला. चपला घालून ओतणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

भरलेल्या मुशीत थंड भंगार टाकूच नका, आधी भट्टीच्या कडेवर तापवा. बंद नळ्या, स्प्रेचे डबे, शॉक ॲब्सॉर्बर, ज्यांच्या आत पाणी किंवा तेल अडकलेलं असू शकतं ते सगळं कापून उघडल्याशिवाय आत जायला नको. मळीचा ढीगही भंगारापासून दूर ठेवा. तो भिजला की अमोनिया सुटतो. पावसाळ्यात शेडच्या मागे मुतारीचा वास येतो म्हणून आम्ही आधी शेजाऱ्यांवर उगाच संशय घेतला होता.

तिसरा जुलै

एवढं सगळं करूनही तिसऱ्या वर्षी जुलैत ठिपके परतले. सगळ्या नगांवर मात्र नव्हते. तोपर्यंत एक सवय लागली होती ती कामाला आली: प्रत्येक नगाच्या मागे तारखेचा आणि हीटचा नंबर पंचाने ठोकायचा. नापास नग टेबलावर मांडले, नंबर बघितले, तर जवळजवळ सगळे दिवसाच्या पहिल्या हीटचे. दुसरी बरी, तिसरी स्वच्छ. भंगार तेच, वाळू तीच, तापमान तेच.

रात्रभर मूस शेडमध्ये असायची. ग्रॅफाइटची मूस हवेतलं दमट पाणी शोषते, आणि नायट्रोजनची नळीही. सकाळी भट्टी पेटवून थेट भंगार भरायचं, त्यामुळे पहिली हीट मुशीतलं पाणी पीत होती, आणि आम्ही ओल्या नळीतून वायू काढतोय असं समजून त्यात आणखी घालत होतो. आता पावसाळ्यात रिकामी मूस सावकाश, आतून सगळीकडे सारखी लाल होईपर्यंत तापवायची आणि मगच भरायची. नळी भट्टीच्या तोंडाशी आधी अर्धा तास. पळ्यांना लेप लावला असेल तर तो पूर्ण वाळवायचा. पहिली हीट इनगॉट, म्हणजे विटा, करून बाजूला ठेवायची, वस्तू दुसरीपासून. डिझेल थोडं जास्त जातं. मामा कुरकुरले, मग नापास नगांच्या ढिगाकडे बघून गप्प बसले.

तुमच्याकडे हे परत परत येत असेल तर नंबर ठोकायला आजच सुरुवात करा. कोणत्या दिवशी, कितव्या हीटला, कोणत्या साच्यातून, हे कळल्याशिवाय केलेला प्रत्येक उपाय अंदाजपंचे.

जे नग आधीच ओतून झालेत

लांबीने (पुट्टीने) छिद्रं भरता येतात, पण बफिंगनंतर लांबीचा डाग वेगळा दिसतो. टिगने वेल्ड करून भरलं तर नुसत्या पॉलिशला चालतं, ॲनोडाइझ केलं (विजेच्या मदतीने वर ऑक्साइडचा थर चढवला) की वेल्ड वेगळ्या रंगात उठून दिसतं. ॲनोडाइझचं म्हणाल तर जास्त सिलिकॉनच्या धातूवर चंदेरी रंग येतच नाही, राखाडी येतो. गिऱ्हाइकाला आधीच नमुना दाखवा.

पावडर कोटिंग केलं तर छिद्रं झाकतील असं वाटतं. कोटिंगच्या भट्टीत, १८० ते २०० अंशांना, छिद्रांतली हवा आणि बफिंगचा मसाला बाहेर पडतो आणि रंगावर फोड येतात. कोटिंगवाल्याला सांगा, नग धुऊन, रंग न लावता आधी एकदा त्या तापमानाच्या थोडा वर तापवून घ्या, थंड झाल्यावर पावडर मारा. बरेच फोड टळतात.

आणि माझ्यापुरता निर्णय म्हणजे आरशासारखं पॉलिश मी फक्त मुठींना ठेवलं. खुंट्या आणि बैठका आता शॉट ब्लास्ट (बारीक गोळ्यांचा मारा) करून, कडा तेवढ्या घासून देते. भंगाराच्या धातूकडून आरसा मागणं हा माझाच हट्ट होता. मॅट पृष्ठभागावर एखाददुसरा ठिपका दिसतही नाही, आणि बफिंगचा खर्च वाचतो तो नायट्रोजनला जातो.

एक गोष्ट कुणी तरी विचारतंच: वाट्या, तवे, लिंबू पिळायचं यंत्र का करत नाही? कारण भंगारात शिसं किती आहे हे भिंगातून दिसत नाही. पुन्हा वितळवलेल्या भंगाराच्या भांड्यांतून शिसं अन्नात उतरल्याची उदाहरणं आफ्रिकेत तपासली गेली आहेत. दर हीटची रासायनिक तपासणी परवडेपर्यंत अन्नाला लागणारी वस्तू माझ्याकडून होणार नाही. गरम भांड्याखालची बैठक करते, भांडं नाही.

ऑगस्टमधली पहिली हीट परवा बाजूला काढली. वाटीतला नमुना फुगला होता. दुसऱ्या हीटच्या नमुन्याला खळी पडली, आणि मामांनी विचारलं, "मग, वतू का?"